पुणं सोडायचंय: नाशिक की कोल्हापूर?

पुण्यातल्या ओळखीच्यांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. घरून काम चालतं, महिन्यातून एखादी चक्कर ऑफिसात मारली की भागतं, वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकची हौस पुरती फिटलेली असते आणि मुंबईला तर जायचंच नसतं. मग ही दोन नावं पुढे येतात. दोन्ही शहरं पुण्यापासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडे नदी, घाट, मोठं देवस्थान, धरण, विद्यापीठ, एमआयडीसी आणि ‘मिसळ खावी तर आमच्याचकडे’ हा दावा. कागदावर मांडली तर सख्खी भावंडं वाटावीत.

राहायला गेलं की स्वभावातला फरक कळतो. मी मूळची परभणीकडची. बँकेच्या नोकरीतल्या बदल्यांमुळे आधी कोल्हापूर आणि मग नाशिक वाट्याला आलं. त्यामुळे यातलं एकही माझं माहेर नाही आणि कुणाची बाजू घ्यायची सक्ती नाही. (घेणार आहेच, पण जरा पुढे.)

घर बघताना आपण दर विचारतो, शाळा विचारतो, दवाखाना किती लांब ते विचारतो. विचारावंच. पण नव्या गावात सहा-आठ महिन्यांनी जे खुपायला लागतं ते यातलं काही नसतं. हे गाव आपल्याला धरून ठेवतंय का, आणि आपल्याला कुणी असं धरून ठेवलेलं मुळात आवडतं का, तिथे खरी गोम असते. कोल्हापूर धरतं. नाशिक मोकळं सोडतं. एकाला जे सुखाचं तेच दुसऱ्याला जाचाचं वाटू शकतं. म्हणून खालची सगळी तुलना याच एका बाजूने केली आहे.

त्याआधी जे पटकन उरकण्यासारखं आहे ते उरकते. शाळा दोन्हीकडे पुरेशा आहेत, आणि ‘इंटरनॅशनल’ लिहिलेल्या तर गरजेपेक्षा जास्त. दवाखान्यांची अडचण कुठेच नाही. कोल्हापूरला सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे पेशंट येतात, नाशिकला धुळ्या-नंदुरबारचे. भाजी-दूध दोन्हीकडे पुण्यापेक्षा ताजं आणि स्वस्त. आकाराने मात्र दोन्हींची बरोबरी नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या घरात होतं आणि कोल्हापूर साडेपाच लाखांच्या. पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका आकड्यातून निघतात.

पाव्हणं कुठलं?

कोल्हापुरात घर लावल्यावर पहिल्याच आठवड्यात किराणावाल्याने विचारलं, ‘‘वैनी, कुठलं गाव म्हणायचं?’’ परभणी म्हटल्यावर त्याने परभणीत कुठे, नवरा काय करतो, घर कुणाचं घेतलंय, भाडं किती, आणि ‘एवढं कशाला दिलासा?’ इथपर्यंत सगळं काढून घेतलं. पुढच्या खेपेला दुकानात उभ्या असलेल्या दोन बायकांना माझी सगळी माहिती होती. पुण्यात बारा-बारा वर्षं समोरच्या फ्लॅटचं आडनाव दारावरच्या पाटीवरून कळलेल्या माणसाला हा धक्काच असतो.

पण ही चौकशी नुसती भोचक नसते. कोल्हापुरात माणसाला कुठेतरी बसवावं लागतं, त्याशिवाय त्याचं काय करायचं हे शहराला कळत नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ ही तिथे पत्त्यातली नावं नाहीत, ती राजकीय पक्षांसारखी आहेत. प्रत्येक पेठेच्या तालमी, आणि तालमींची पुढे झालेली फुटबॉलची टीम. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात हे एक शहर असं, जिथे शाहू स्टेडियमवर स्थानिक लीगचा सामना असला की दुपारनंतर बँकेतला शिपाई घड्याळाकडे बघायला लागतो. सामन्यानंतर कधीकधी दगडफेकही होते, हेही सांगून ठेवते. प्रेमाच्या माणसांना राग लवकर येतो.

नवख्याला यात जागा मिळते, पण फुकट नाही. वर्गणी द्यावी लागते, आणि वर्गणीपेक्षा हजेरी. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा निघते. पंचगंगेचं नवं पाणी कळशा-घागरींत भरून, पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर देवीला नेतात. आमच्या गल्लीतल्या काकूंनी माझ्या हातात कळशी दिली तेव्हा ‘येणार का?’ असं विचारलं नव्हतं. ‘‘मंगळवारी सुट्टी टाक’’ एवढंच. मी टाकली. त्यानंतर गल्लीतल्या कुठल्याही लग्नाची पत्रिका आमच्या दारात यायची चुकली नाही.

आणि हे शहर एकत्र चिडतंसुद्धा. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तर गल्लीबोळांतून माणसं रस्त्यावर आली आणि वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर टोल हद्दपार झाला. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं म्हणून वकिलांनी कित्येक दशकं आंदोलनं केली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं. २०१९ च्या शेवटाला मटणाचा भाव वाढला तेव्हा तर तालमी-मंडळांनी बैठका घेऊन रीतसर आंदोलन केलं. बाहेरच्यांना हसू येतं. मला त्यात भाव कमी होण्यापेक्षा वेगळंच काहीतरी दिसलं. परवडत नाही म्हणून गुपचूप अर्धा किलोवर येणारी माणसं आणि ‘असं कसं परवडत नाही’ म्हणून भांडणारी माणसं यांच्यात मोठा फरक असतो. अशा भांडणात तुम्ही एकदा उभे राहिलात की तुम्ही कोल्हापूरचे. पण ‘मला यात पडायचं नाही’ म्हणणाऱ्यालाही तिथे कुणी न कुणी ओढतंच.

नाशिकमध्ये मला ही चौकशी अजून झालेली नाही. अनेक वर्षं राहूनसुद्धा.

याचं कारण नाशिककर तुटक आहेत असं नाही. हे शहरच बाहेरून आलेल्यांनी थरावर थर चढवून बनवलेलं आहे. पंचवटी, भद्रकाली, जुनी तांबट लेन, सराफ बाजार इकडचे मूळचे लोक आहेतच, पण त्यांच्याभोवती ब्रिटिशांच्या काळात नाशिकरोडचा नोटा-स्टँप छापणारा प्रेस आला, देवळालीचा तोफखाना आला, मग ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडची एमआयडीसी, कामगारांसाठी सिडकोच्या वसाहती. सिडकोत धुळे-जळगावचे लोक एवढे की भाजी घेताना कानावर अहिराणी पडते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा म्हणजे कसमादे पट्टा, तिथली शेती सांभाळून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट घेतलेली कुटुंबं कॉलेज रोड-गंगापूर रोडला गल्लोगल्ली. त्यात आता मुंबईतून निवृत्तीनंतर आलेल्यांची भर. जिथे सगळेच कुठून तरी आलेत तिथे कुणी कुणाला विचारायचं?

म्हणून नाशिकमध्ये पहिले सहा महिने फार सोपे जातात. कुणी तपासत नाही, कुणी ओढत नाही. एकट्या राहणाऱ्या मुलीला, दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या जोडप्याला, घटस्फोटानंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे शहर जास्त सुसह्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये आरक्षण दिलं, वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, बाहेरच्या मुलांना शहरात राहायची सोय केली. तो वारसा खरा आहे आणि लोक तो मिरवतातही. पण गल्लीतला प्रश्न अजूनही ‘तुमचं आडनाव काय म्हणालासा?’ असाच सुरू होतो.

नाशिकची अडचण सहा महिन्यांनंतर सुरू होते. ओळखी होतात त्या शाळेच्या गेटवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. चांगली माणसं असतात. पण तुम्ही चार दिवस दिसला नाहीत तर दार वाजवायला कुणी येईल का, याची खात्री नाही. आपली माणसं आपणच गोळा करावी लागतात. ज्याला ते जमतं त्याला इथे वर्षा-दोन वर्षांत फार छान गोतावळा मिळतो, ट्रेकवाल्यांचा, सायकलवाल्यांचा, गाण्याच्या क्लासचा. ज्याला जमत नाही तो फ्लॅटमध्ये बसून ‘नाशिकमध्ये काही घडत नाही’ म्हणत राहतो.

पाणी किती फूट?

शहराशी आपलं नातं किती घट्ट आहे हे मला विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये कळतं.

कोल्हापुरात पावसाळ्यात सकाळी एकमेकांना ‘चहा झाला का’ऐवजी ‘किती फूट?’ विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे दोन आकडे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातला कितवा उघडला, गगनबावड्याला किती पडला, अलमट्टीतून किती सोडलं, या सगळ्याची गणितं चहाच्या टपरीवर मांडली जातात आणि ती बरीचशी बरोबर निघतात. २००५ चा पूर मोठा म्हणत होते, २०१९ ने त्याला मागे टाकलं, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा तेच. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली, शहर बेटासारखं, आणि चहूकडे पाणी असताना नळाला मात्र थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. त्या दिवसांत शेजारच्या वैनींनी सकाळी सातला दार ठोठावून सांगितलं होतं, ‘‘हंडे, बादल्या, पातेली, सगळं भरून ठेव. कुकरसुद्धा.’’ कुकरसुद्धा भरला. तो उपयोगी पडला.

नाशिकचं माप वेगळं. रामकुंडाजवळ, गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पूर मोजतात. पूर मोठा असेल तर मारुती दिसेनासाच होतो. सरकारी क्युसेक कुणाला कळो न कळो, मारुतीची कंबर सगळ्यांना कळते. पाणी चढू लागलं की सराफ बाजार, भांडी बाजार, काठावरचे टपरीवाले यांची धावपळ उडते. पण गंगापूर रोडला, इंदिरानगरला, पाथर्डी फाट्याला राहणारा नाशिककर त्या संध्याकाळी कुटुंबासह पूर बघायला जातो. भजी खाऊन परत येतो. मीही गेले आहे. काठावरच्या माणसाचं नुकसान आणि वरच्या माणसाची सहल एकाच शहरात एकाच वेळी चालू असते, आणि दोघांची ओळखही नसते.

घर घेणाऱ्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा. कोल्हापुरात दलाल काहीही सांगो, शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, ‘‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’’ आणि ‘‘२०२१ ला?’’ दोन्ही विचारा. नागाळा पार्क, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, कसबा बावड्याचा काही भाग, इथे पुराच्या खुणा भिंतींवर सापडतील. दुसरी गोष्ट, घर महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत ते बघा. १९७२ मध्ये महापालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं शहराची हद्द होती तिथेच राहिली. त्यामुळे पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी इथे उंच इमारती उभ्या आहेत, पण पाणी, कचरा, रस्ता सगळं ग्रामपंचायतीच्या ताकदीवर. जाहिरातीत सगळ्यालाच ‘कोल्हापूर’ लिहिलेलं असतं.

नाशिकमध्ये हद्द मोठी आहे, अंगाला ढगळ होईल एवढी. तिथे प्रश्न अंतराचा आहे आणि सध्या खोदकामाचा. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात. त्यामुळे रस्ते, पूल, घाट सगळीकडे काम निघालंय. तपोवनातली झाडं साधुग्रामसाठी तोडायच्या प्रस्तावावर २०२५ च्या अखेरीला नाशिककर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. एवढी वर्षं ज्या शहराला मी थंड म्हणत होते ते असं उठलेलं बघून बरं वाटलं. निदान एका गोष्टीवर सिडको, पंचवटी आणि गंगापूर रोड एकत्र दिसले.

पायी, वडाप आणि स्कूटी

कोल्हापूरचं जुनं शहर पायात मावतं. बिंदू चौकातून भवानी मंडप, अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, तिथून सरळ रंकाळा, रमतगमत अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पापाची तिकटीला चपला, गुजरीत चांदी, कपिलतीर्थात भाजी. चालत गेलं की वाटेत तीन जण थांबवतात. माझ्या मते शहर आपलं होण्यात याचा वाटा फार मोठा आहे. गाडीच्या काचेतून कुणाशी ओळख होत नाही. राजारामपुरीच्या गल्ल्यांना तर नंबर आहेत, पहिली, दुसरी, सातवी, बारावी. पत्ता सांगायला सोपा, आणि ‘सातव्या गल्लीत ये’ म्हटलं की रिक्षावाला खुणेनेच मान हलवतो. आसपासच्या गावांना वडाप म्हणजे शेअरिंगच्या खासगी गाड्या आहेत, महापालिकेची केएमटी बस आहे.

नाशिकमध्ये गाडीशिवाय निभत नाही. जुनं गाव, म्हणजे मेन रोड, रविवार कारंजा, बोहोरपट्टी, हे पायी फिरायला सुंदर आहे, अजून लाकडी वाड्यांचे काही दर्शनी भाग शिल्लक आहेत. पण तुम्ही तिथे राहणार नाही. तुम्ही राहाल गोविंदनगरला किंवा म्हसरूळला, रेल्वे स्टेशन नाशिकरोडला नऊ-दहा किलोमीटरवर, आणि मध्ये द्वारका चौक, ज्याचं नाव काढलं की नाशिककर सुस्कारा सोडतो. सिटीलिंक ही शहर बससेवा २०२१ पासून आहे आणि ती बरी आहे. तरी घरात माणशी एक दुचाकी लागतेच.

बदल्यात नाशिक मोकळी हवा देतं. शहराच्या कुठल्याही टोकावरून वीस मिनिटांत डोंगर दिसायला लागतात, रामशेज, चामर लेणी, पांडवलेणी, आणि थोडं पुढे अंजनेरी, हरिहर. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या निफाडचा पारा राज्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यांत असतो आणि शहरातही स्वेटर कपाटातून खरंच बाहेर काढावा लागतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पर्सला बुरशी येते, पण एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव कोसळतो आणि तापलेलं गाव अर्ध्या तासात गार होतं. हवेत मी नाशिकला एक गुण जास्त देईन. एकच.

खाणं, आणि संध्याकाळ

मिसळीवरून भांडण नको. दोन्ही उत्तम आहेत. पण ती खायची पद्धत बघा, शहराचा अख्खा स्वभाव त्यात आहे. कोल्हापुरात मिसळ गल्लीतल्या छोट्या दुकानात, बाकावर खांद्याला खांदा लावून, स्लाइस ब्रेडबरोबर. कट संपला तर समोरचा अनोळखी माणूस वाढप्याला ओरडून सांगतो, ‘‘यांना रस्सा दे की रं!’’ दुपार झाली की खेळ संपला. नाशिकमध्ये काळ्या मसाल्याची मिसळ रविवारी गावाबाहेरच्या मळ्यात, झाडाखाली, पापड-दह्यासह, मुलांना झोके, गाड्यांना पार्किंग. सगळं कुटुंब आपापल्या टेबलावर. शेजारच्या टेबलाकडे कुणी बघत नाही. ज्याला यातलं जे आवडलं त्याने ते शहर निवडावं, एवढं साधं आहे खरं तर.

कोल्हापुरातली एक जागा मला आजही हवीशी वाटते. गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे. संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात. गवळी कासेला हात लावतो, समोरच धार काढतो, फेसाळलेला पेला हातात देतो, कोमट, म्हशीच्या अंगाच्या वासासकट. पैलवान पितात, आजोबा नातवाला आणून पाजतात, ऑफिस सुटलेली माणसं गाडी लावून पितात. पहिल्यांदा मला तो वास सोसवला नाही. गवळी म्हणाला, ‘‘नाक बंद करून घोट घ्या ताई, दुसऱ्या घोटाला काय वाटत नाही.’’ खरं निघालं. अशा जागेला प्रवेश फी नसते, वेटर नसतो, बसायला धड जागाही नसते, आणि तरी अर्धा तास कसा जातो कळत नाही.

नाशिकच्या संध्याकाळी शांत आहेत आणि जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या आहेत. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, कालिदास कलामंदिर, कुसुमाग्रज प्रतिष्ठान, आणि मे महिन्यात गोदाकाठच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला. उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात, महिनाभर रोज नवा वक्ता. आलेल्यांत पांढरे केस जास्त, हे मान्य. पण आतल्या माणसाशी नाशिक बोलतं ते तिथेच, किंवा रंगपंचमीला. त्या दिवशी जुन्या गावात पेशवेकालीन रहाडी उघडतात. एरवी रस्त्याखाली बुजवून ठेवलेले दगडी हौद त्यासाठी खणून मोकळे करतात, रंगाचं पाणी भरतात, पूजा होते आणि मग माणसं त्यात धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यावरून पुन्हा रिक्षा जातात. सोसायटीत पाण्याच्या फुग्यांवरच रंगपंचमी साजरी करणाऱ्यांनी एकदा तिवंधा चौकात जाऊन यावं.

कोल्हापुरात नाटकवेड कमी नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ‘संगीतसूर्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री. मी तोवर नाशिकला आलेली होते, पण रात्री बारापर्यंत कोल्हापूरचे फोन येत होते. माझ्या जुन्या सहकाऱ्याने, जो माझ्या माहितीत आयुष्यात एकही नाटक पूर्ण बसून बघितलेला नाही, फोनवर रडून घेतलं.

पोट कशावर चालणार

हा भाग थोडक्यात, कारण तुम्ही नोकरी बरोबर घेऊन जाणार आहात असं धरलंय. ती सुटली तर काय, हे मात्र आजच बघा. आयटीत दोन्ही शहरं पुण्यापुढे किरकोळ आहेत, नाशिक जरा बरं. कारखान्यात नाशिकला वाहन आणि इलेक्ट्रिकल, कोल्हापूरला फौंड्री. जोडीदाराला नोकरी शोधायची असेल तर नाशिकचं पारडं जड, मुख्यतः मुंबई जवळ असल्यामुळे. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन येणारे पासधारक आहेत, आणि समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून गाडीनेही अंतर कमी वाटतं. गंमत अशी की पुण्याला जायला नाशिककराला थेट लोहमार्गच नाही. संगमनेर-नारायणगावमार्गे रस्ता, आणि चाकणला पोचलात की शेवटचे तीस किलोमीटर आधीच्या दीडशेइतके लांब. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वे आहे, वंदे भारतही आठवड्यातून तीन दिवस धावते, आणि हायवेचं रुंदीकरण संपता संपत नसलं तरी रस्ता सरळ आहे. महिन्यातून चार वेळा पुण्याच्या ऑफिसात बोलावत असतील तर हे कोष्टक आधी मांडा, बाकी सगळं नंतर.

गप्पांचे विषयही कामाच्या धंद्यावरून ठरतात. नाशिकला फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आलं की बँकेतले चेहरे उतरतात, कारण दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं बागेत उभी असतात आणि एक गारपीट वर्ष नेते. कोल्हापुरात नोव्हेंबरात ऊसदराचं आंदोलन पेटतं आणि कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या-ट्रॅक्टर अडवले जातात. तुम्ही शेतकरी नसलात तरी या दोन चिंतांपैकी एक तुम्हाला उसनी घ्यावी लागेल. घेतली नाहीत तर चहाच्या टेबलावर तुम्हाला बोलायला काही नसेल.

मग कुणी कुठे?

लहान मुलं, दोघांच्या नोकऱ्या, मुंबईशी संबंध, आणि आपल्या घरात कुणी डोकावू नये असं वाटणारं कुटुंब असेल तर नाशिक. डोळे झाकून. एकट्या बाईलाही मी नाशिकच सांगेन.

आई-वडील बरोबर असतील तर कोल्हापूर. म्हातारपणी माणसाला दवाखान्याआधी विचारपूस लागते, आणि ती तिथे फुकट आणि नको तितकी मिळते. माझ्या सासूबाई दोन्हीकडे राहिल्या. नाशिकच्या फ्लॅटमध्ये त्यांनी गॅलरीतून मोर बघितले आणि खूश होत्या. कोल्हापुरात त्यांना गॅलरीत उभं राहायला वेळच नव्हता. मुलांबाबत एक गमतीची सूचना, कोल्हापुरात वाढणारी तुमची मुलगी दुसऱ्या वर्षी ‘मी जातो, मी येतो’ म्हणायला लागेल. पुण्याच्या आजीला आधीच कल्पना देऊन ठेवा.

मला विचाराल तर मी आज नाशिकला आहे, घर घेतलंय, सुखात आहे, आणि पुन्हा बदलीचा पर्याय आला तर कोल्हापूर मागेन. माझ्या नवऱ्याचं उत्तर बरोबर उलटं आहे. त्याला कुणी ‘एवढं भाडं कशाला दिलासा’ म्हटलेलं अजून आठवतं.

विकत घ्यायची घाई मात्र दोन्हीकडे करू नका. कोल्हापुरात राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कच्या उंच भागात, नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा इंदिरानगरला, अकरा महिन्यांचा करार करून राहा, आणि त्या अकरांत जून ते सप्टेंबर येतील एवढं बघा. द्राक्षांच्या मोसमात नाशिक आणि नवरात्रात कोल्हापूर बघून घर बुक करणारे मी पुष्कळ पाहिलेत.